बेली डान्ससाठी गाणी कशी निवडता? (वर्ग आणि कार्यक्रम, दोन्हीसाठी)

ओवी_पुणे

नमस्कार मंडळी,

कोथरूडला शनिवार-रविवार बेली डान्सचा वर्ग घेते, हे नववं वर्ष. सध्या १७ जणी आहेत. सगळ्यात धाकटी १९ची, सगळ्यात मोठ्या काकू ६२च्या. जानेवारीत आमचा कार्यक्रम आहे आणि मी गाणी ठरवायला बसलेय. आपल्याकडे या नाचाला साथ करणारे वादक सहजी मिळत नाहीत, त्यामुळे सगळी भिस्त ध्वनिमुद्रित संगीतावर. गाणं चुकलं तर सावरून घ्यायला मागे कुणी नसतं.

आधी माझी चूक सांगते. गेल्या वर्षी एका कार्यक्रमात आयोजकांनी प्रत्येकीला ४ मिनिटं दिली होती. आमचं गाणं साडेसहा मिनिटांचं. मी लॅपटॉपवर बसून ते बरोबर ४ मिनिटांवर कापलं आणि शेवटी आवाज हळूहळू मिटवला. नाच छान झाला, टाळ्याही पडल्या. नंतर विंगेत एक बाई भेटायला आल्या. मूळच्या बगदादच्या, मुलगा पुण्यात शिकायला आहे. माझ्या विद्यार्थिनीचं त्यांनी तोंडभरून कौतुक केलं आणि मग मला बाजूला घेऊन विचारलं, "कानूननं प्रश्न विचारला होता, व्हायोलिन उत्तर द्यायला लागलं होतं, तेवढ्यात तुम्ही त्याला गप्प का केलंत?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. कानून म्हणजे तिकडचं, आपल्या स्वरमंडळासारखं छेडून वाजवायचं तंतुवाद्य. घरी येऊन मूळ गाणं लावलं. खरंच, मी ऐन उत्तराच्या मध्यात कात्री चालवली होती. तिहाईतला शेवटचा धा कुणी खाल्ला तर आपण केवढे अस्वस्थ होऊ! आणि मी ते दीड महिना रोज ऐकत होते, तरी मला कळलं नव्हतं. मी आकडे मोजत होते, गाणं ऐकत नव्हते.

तेव्हापासून एक वही केलीय. गाणं आधी नुसतं ऐकते, हलायचं नाही. दुसऱ्यांदा फक्त ठेका लिहून काढते, दुम आणि तक (ड्रमचा खोल ठोका आणि कडक ठोका). तिसऱ्यांदा कोणतं वाद्य कुठे बोलतंय ते. या तीन फेऱ्यांनंतरही ऐकावंसं वाटलं तरच ते गाणं नाचासाठी ठेवते. अर्धी गाणी इथेच गळतात.

तुम्ही कसं निवडता? शिकवणाऱ्या, शिकणाऱ्या, नुसतं बघणाऱ्या, सगळ्यांनी लिहा.

---

नवी_पालवी

मस्त धागा, ताई. मी मुंबईत चार महिन्यांपूर्वी शिकायला लागले. खरं सांगते, 'दिलबर' बघून आले. आमच्या बॅचमधल्या निम्म्या मुली तशाच आल्यात. पण आमच्या मॅडम ते गाणं वर्गात लावतच नाहीत. त्यात असं काय चुकीचं आहे?

---

ओवी_पुणे

पालवी, चुकीचं काहीच नाही गं. माझ्याकडेही २०१८ नंतर कितीतरी जणी त्याच गाण्यामुळे आल्या आणि त्यातल्या काही अजून टिकून आहेत. मी तर ते वार्षिक स्नेहसंमेलनात एकदा घेतलंही होतं.

शिकताना मात्र अडचण येते. हिंदी सिनेमाचं गाणं कॅमेऱ्यासाठी बांधलेलं असतं. दर काही सेकंदांनी नवं दृश्य, त्यामुळे संगीतातही सतत काहीतरी धडाडत असतं. कमरेच्या एका गोल हालचालीला सुरू होऊन, फिरून, परत जागेवर यायला जी सवड लागते ती तिथे मिळत नाही. शिवाय शब्द कळतात म्हणून आपण शब्दांवर नाचायला लागतो, चेहरा आणि हात पुढे धावतात, कंबर मागे राहते. पहिले सहा महिने न कळणाऱ्या भाषेतलं किंवा बिनशब्दांचं संगीत असलेलं बरं, असं माझं ठाम मत झालंय.

सरावासाठी मी एकच ठेका चार-पाच मिनिटं न बदलता चालणारं काहीतरी लावते. मध्यम लयीतला मक्सूम हा अरबी ठेका असेल तर उत्तम. होस्साम रम्झी हे इजिप्तचे तालवादक होते, २०१९ साली गेले. त्यांनी खास नर्तकींसाठी बरेच अल्बम केले. आवाज स्वच्छ, ठेका ठसठशीत, नवख्या कानालाही दुम कुठे पडतोय ते कळतं. माझ्या वर्गाची सुरुवात अजूनही तिथूनच होते.

---

धा_तिरकिट

मी तबलावाला, बायको बेली डान्स शिकते म्हणून या संगीतात शिरलो. पहिल्यांदा 'तबला सोलो' म्हणून शोधलं तर सगळे आपलेच उस्ताद समोर आले! इजिप्तमध्ये तबला म्हणजे पेल्याच्या आकाराचा तो एकतोंडी ड्रम, ज्याला आपण दरबुका म्हणून ओळखतो. शोधताना 'दरबुका' किंवा 'ड्रम सोलो' लिहा, वेळ वाचेल.

आपल्या लोकांना हे ठेके लवकर कळावेत म्हणून मी घरी असे लिहून दिले. आठ मात्रा धरा, ऽ म्हणजे रिकामी जागा.

मक्सूम: दुम तक ऽ तक | दुम ऽ तक ऽ
बलदी: दुम दुम ऽ तक | दुम ऽ तक ऽ
सईदी: दुम तक ऽ दुम | दुम ऽ तक ऽ
मलफूफ: दुम ऽ ऽ तक ऽ ऽ तक ऽ (३-३-२ असा चालतो, प्रवेशाला आणि निघण्याला हमखास)

पहिले तिन्ही सख्खे भाऊ आहेत. फरक फक्त दुम कुठे पडतो एवढाच, पण नाचणारीचं वजन त्या दुमवर जमिनीत जातं, त्यामुळे अख्खी चाल बदलते. बायकोला सईदीमधले मधले दोन दुम एकापाठोपाठ येतात ते महिनाभर सापडत नव्हते. मी जेवणाच्या टेबलावर वाजवून दाखवायचो, ती पोळ्या लाटताना म्हणायची. एके दिवशी लाटणंच त्या ठेक्यात चालायला लागलं आणि मग पायात उतरलं.

१० मात्रांचा समाई ऐकाल तर झपताल समजून फसू नका. झपताल २-३-२-३, समाई ३-२-२-३. मी पहिल्या वेळी सपशेल आपटलो होतो.

आता सुरांबद्दल, कारण ओवीताईंनी कानूनचा विषय काढलाय. हिजाझ नावाचा मकाम (त्यांच्याकडचा राग म्हणा) आपल्या कानाला लगेच ओळखीचा वाटतो, कारण खालचे चार सूर भैरवचे आणि वरचे भैरवीचे, म्हणजे आपला बसंत मुखारी. कुर्द मकामाचे सूर भैरवीचे. पण रास्त आणि बयातीमध्ये असे सूर आहेत जे पेटीवर सापडणारच नाहीत, कोमल आणि शुद्ध यांच्या बरोब्बर मध्ये कुठेतरी. ज्या ध्वनिमुद्रणात सिंथेसायझरनं ते सूर सरळ करून टाकलेत, ते ऐकताना मला भाजीत मीठ नसल्यासारखं होतं. गाणं निवडताना हा एक निकष ठेवा: तो मधला सूर जिवंत आहे का?

---

शारजाहून

गेली ११ वर्षं इकडे आहे. कामामुळे बोली अरबी बऱ्यापैकी कळते. माझी तळमळ एकाच गोष्टीची: शब्दांचा अर्थ कळल्याशिवाय गाणं घेऊ नका. पालवीला न कळणाऱ्या भाषेतलं गाणं सरावाला ठीक, पण शिकवणारीला अर्थ माहीत हवाच. आणि मंचावर जाताना तर नाचणारीलाही.

भारतात सुट्टीवर आले असताना एका मुलीला लेबनॉनची गायिका फैरूझ हिच्या 'झहरत अल मदाइन'च्या चालीवर हसत, खांदे हलवत नाचताना पाहिलं. ते गाणं १९६७च्या युद्धानंतरचं, जेरुसलेमसाठीचं, त्यात शोक आहे, प्रार्थना आहे. तिला बिचारीला कल्पनाच नव्हती. नेटवर 'सुंदर अरबी संगीत' म्हणून मिळालं, तिनं घेतलं. माझ्या शेजारी बसलेली मैत्रीण पॅलेस्टिनी होती. ती काही बोलली नाही, उठून बाहेर गेली. मी तिच्यामागे गेले. ती पायऱ्यांवर बसून होती.

तसंच अजानचा तुकडा मिसळलेली काही रिमिक्स फिरत असतात, ती सरळ बाजूला ठेवा. झारच्या अय्यूब ठेक्याबद्दलही माहिती करून घ्या. झार हा अंगात येण्याचा, बरं करण्याचा विधी आहे. मंचावर करतात, पण काय करतोय हे ठाऊक असून करावं.

उलट अर्थ कळला की किती जवळचं होतं बघा. इजिप्तचा संगीतकार सय्यद दरवेश याचं 'अल हिल्वा दी' हे शंभर वर्षांपूर्वीचं गाणं घ्या. भल्या पहाटे कोंबडा आरवतोय, एक देखणी बाई उठून कणीक मळायला बसलीय आणि कारागीर कामाला निघालेत. मी पहिल्यांदा अर्थ ऐकला तेव्हा मला माझी आजी आणि तिचं जातं आठवलं. आता ते गाणं लागलं की माझे हात आपोआप मळल्यासारखे फिरतात, कुणी शिकवावं लागलं नाही.

---

ओवी_पुणे

शारजाहून, अंगावर काटा आला. फैरूझचं वाचून वही काढली आणि यंदाच्या यादीतल्या दोन गाण्यांसमोर प्रश्नचिन्ह केलं. तुम्हाला विचारपुशीतून (विपू) पाठवते, अर्थ तपासून द्याल का?

---

शारजाहून

नक्की पाठव. त्यात संकोच कसला.

---

जर्सीकर

इकडे अमेरिकेतली थोडी भर घालते. इथे सगळ्यांचा नाच इजिप्शियन नसतो. १९८७ साली सॅन फ्रान्सिस्कोत कॅरोलिना नेरिचो यांनी फॅटचान्स बेली डान्स सुरू केलं. त्यात गटानं, खुणांवर, आयत्या वेळी रचत नाचतात. त्यांना सम पक्की असलेलं, अचानक न बदलणारं संगीत लागतं, कारण पुढची खूण करणारीला आणि मागच्यांना दोघींनाही वाट दिसायला हवी. फ्यूजनवाल्या तर इलेक्ट्रॉनिक संगीतही घेतात. म्हणजे आधी शैली ठरवा, मग गाणं. तुर्की शैलीत ९ मात्रांची कर्शिलामा येते, ती इजिप्शियन कार्यक्रमात मध्येच घुसवली की विजोड दिसते.

एक मतभेद नोंदवते. ओवी, तू एकच गाणं किती दिवस वापरतेस? मी दर आठवड्याला नवं लावते. कान ताजे राहतात, नाहीतर विद्यार्थिनी गाण्याऐवजी आठवणीवर नाचतात.

---

ओवी_पुणे

मी तीन महिने तीनच गाणी चालवते, आणि बदलणार नाही. :-) जर्सीकर, तुमच्याकडे मुली बाहेरही हे संगीत ऐकत असतील. माझ्याकडच्या बायका शनिवारी वर्गात येईपर्यंत आठवडाभर ते ऐकत नाहीत, घरी टीव्ही, मुलांचा अभ्यास, सासूबाईंची भजनं. त्यांना गाणं ओळखीचं व्हायलाच महिना लागतो. दुसऱ्या महिन्यात त्या ऐकायला लागतात. तिसऱ्या महिन्यात एखादी म्हणते, "ताई, मागे एक बासरी आहे ना हो?" ती 'नाय' नावाची अरबी बासरी असते, पहिल्या दिवसापासून तिथेच असते. त्या प्रश्नासाठी मी दोन महिने थांबायला तयार असते.

शैलीबद्दल मात्र १०० टक्के अनुमोदन. सईदीचंच बघा. तो दक्षिण इजिप्तचा, लक्सर-केना-अस्वानकडचा. तिथला पुरुषांचा तहतीब हा लाठीचा खेळ २०१६ साली युनेस्कोच्या यादीत आला. बायकांचा काठीचा नाच त्याच मातीतला. त्यात मिझमार वाजतं, आपल्या सनईच्या कुळातलं, तसंच कडक. असल्या संगीतावर कुणी रेशमी ओढणी घेऊन तरंगत आलं तर सनई-चौघड्यावर अंगाई म्हटल्यासारखं वाटतं.

बलदीचंही तसंच. बलदी म्हणजे 'माझ्या मुलखातलं', गावाकडचं. खेड्यातनं कैरोत आलेल्या माणसांनी सोबत आणलेलं आणि शहरात रुजवलेलं. कोकणातून, घाटावरून गिरण्यांमध्ये आलेल्यांनी मुंबईत आपली गाणी जशी जागवली, तसं मी वर्गात समजावते. त्यात अॅकॉर्डियन असतो. तिकडे त्याच्या पट्ट्या मधल्या सुरांसाठी बदलून घेतात, म्हणून तो आपल्या पेटीसारखा वाजत नाही, माणसासारखा कण्हतो. आधी तो एकटा आळवतो, मग ड्रम त्याला प्रश्न टाकायला लागतो, तो उत्तर देतो, मग हळूहळू ठेका बसतो आणि लय चढते. हे कापायचं नसतं. वेळ कमी असेल तर बलदी घेऊच नये, दुसरं काहीतरी घ्यावं. मी हे फार उशिरा शिकले.

---

बूथमधून

नाट्यगृहांत साऊंड करतो, २० वर्षं झाली. नाचातलं कळत नाही, पण तुमची गाणी आमच्याच हातून वाजतात म्हणून लिहितो.

ब्लूटूथवर वाजवू नका. बरेच स्पीकर शांततेत झोपी जातात आणि जागे होताना गाण्याचा पहिला ठोका गिळतात. मुलगी पोज घेऊन उभी, ठोका गेला, ती पुढचा धरते आणि शेवटपर्यंत एक पाऊल मागे. वायर वापरा. घरी वर्गात ब्लूटूथच असेल तर गाण्याच्या आधी दोन सेकंद शांतता जोडा, पण स्पीकर जागा ठेवून.

नेटवरून थेट वाजवणं म्हणजे जीव टांगणीला. गाणी पेन ड्राइव्हवर द्या, दोन पेन ड्राइव्ह. फाइलचं नाव '०३' असं क्रमांकानं सुरू करा, पुढे नाचणारीचं नाव आणि किती मिनिटं. फोनच दिलात तर विमान मोडवर टाकून द्या. एका अरंगेत्रमला ऐन आलापात आईचा फोन आलेला मी ऐकलाय, सगळ्या सभागृहानं ऐकलाय.

सगळ्यात महत्त्वाचं, कारण हे कुणी सांगत नाही: काही हॉलमध्ये दोन्ही चॅनेल नीट एकत्र होत नाहीत, एकच बाजू वाजते. तुमच्या गाण्यात ड्रम डावीकडे आणि व्हायोलिन उजवीकडे ठेवलं असेल तर अर्धं गाणं गायब. आम्हाला बूथमध्ये कळत नाही, कारण मूळ गाणं आम्ही ऐकलेलं नसतं. म्हणून एक प्रत मोनो करून आणा आणि साऊंड चेकला शिकवणारी स्वतः शेवटच्या रांगेत जाऊन बसा.

जुन्या ध्वनिमुद्रणाचा आवाज नव्यापेक्षा बारीक असतो. एकामागोमाग लावायची असतील तर घरीच पातळी सारखी करा. कापायचं असेल तर ओळ संपल्यावर कापा. नुसता आवाज मिटवत नेलात की प्रेक्षकांना टाळी कधी द्यायची ते समजत नाही.

---

धा_तिरकिट

बूथमधून, सोन्यासारखी माहिती. आणखी एक, अॅपमध्ये गाणं फार हळू करून वापरू नका. थोडंसं चालतं. पण जास्त ओढलं की दरबुक्याचा तक चिखलात पडल्यासारखा होतो आणि कानूनच्या तारा चिकटतात. त्यापेक्षा त्याच गाण्याचं दुसऱ्या वाद्यवृंदानं संथ वाजवलेलं रूप शोधा. नावाजलेल्या अरबी गाण्यांची बहुतेक वेळा अशी अनेक रूपं असतात.

---

नवी_पालवी

कॉपीराइटचं कसं करता? आमच्या एका मुलीचा व्हिडिओ इन्स्टावर टाकला आणि आवाजच गेला.

---

जर्सीकर

अॅपवर आवाज जाणं आणि सभागृहात वाजवायची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं लक्षात ठेव. भारतात गीत-संगीताच्या हक्कांसाठी आयपीआरएस आहे, ध्वनिमुद्रणाचे हक्क वेगळे, त्यासाठी पीपीएलसारख्या संस्था किंवा थेट कंपनी. तिकीट लावून कार्यक्रम असेल तर हॉल ठरवतानाच परवान्याचं कोण बघणार ते लेखी विचारून घ्या. व्यवसायाच्या खात्यांना इन्स्टावर गाणीही मोजकीच मिळतात.

---

ओवी_पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार. शारजाहूनताईंनी दोन्ही गाण्यांचे अर्थ पाठवले. एक निर्धोक निघालं, एक काढून टाकलं. काढलेलं आईच्या आठवणीतलं विरहगीत होतं आणि मी ते सहा जणींच्या झगमगीत प्रवेशाला लावणार होते.

तर जानेवारीचा क्रम असा ठरतोय. सुरुवातीला मेजॉन्से, म्हणजे खास नर्तकीच्या प्रवेशासाठी बांधलेली रचना. मलफूफवर धावत येणं, मग मक्सूम, मध्ये संथ तक्सीम (एकाच वाद्याची आलापी), थोडा लोकनृत्याचा रंग आणि परत पहिली चाल. ही साडेसात मिनिटांची आहे आणि या वेळी एक सेकंदही कापणार नाही, आयोजक आम्हीच आहोत. मग चौघींचं सईदी काठ्या घेऊन. पालवीसारख्या नव्या मुलींसाठी सोपा मक्सूम. दोन मिनिटांचा ड्रम सोलो. ध्वनिमुद्रित ड्रम सोलो दर वेळी तसाच वाजणार असतो, म्हणून तो पाठच हवा, एकेक ठोका.

आणि शेवटी 'एन्ता ओम्री'ची प्रस्तावना. इजिप्तची गायिका उम्म कुल्थुम हिनं १९६४ साली गायलेलं, मोहम्मद अब्देल वहाब यांचं संगीत. दोघं तेव्हा पहिल्यांदा एकत्र आले आणि त्यात विजेची गिटार आणली. शब्द सुरू होण्याआधी किती तरी मिनिटं नुसतं संगीत चालतं. धा_तिरकिट, कुर्द आहे ना हा?

---

धा_तिरकिट

हो, कुर्दच. सूर भैरवीचे. आपल्याकडे भैरवी लागली की लोक चपला शोधायला लागतात, त्यांच्याकडे तिथून रात्र सुरू व्हायची. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी उम्म कुल्थुमची मैफल रेडिओवरून जायची आणि एकेक गाणं तासाच्या आसपास चालायचं. तुम्ही शेवटी घेताय ते आपल्या कानाला बरोबर वाटेल.

---

शारजाहून

'एन्ता ओम्री' म्हणजे 'तू माझं आयुष्य आहेस'. इथे वयस्क लोक टॅक्सीत हे लागलं की बोलणं थांबवतात. कोण करणार आहे?

---

ओवी_पुणे

६२च्या काकू. एकट्या.

काल रविवारी वर्गात सगळ्यांना सतरंजीवर बसवलं, दिवे मंद केले आणि ती प्रस्तावना नुसती ऐकवली. नाचायचं नाही असं आधीच सांगितलं होतं. पहिली दोन मिनिटं चुळबुळ, कुणी बाटली उघडली, कुणी केस बांधले. मग गिटार आली आणि सगळ्या गप्प. काकू डोळे मिटून बसल्या होत्या, उजवा हात मांडीवर. मी त्यांच्या बोटांकडे बघत होते. तर्जनी दुमवर खाली जात होती, एकही चुकला नाही. आणि व्हायोलिनचा ताफा उत्तर द्यायला आला तेव्हा बोट थांबलं आणि मनगट हळूच वर उचललं गेलं.

संपल्यावर त्या म्हणाल्या, "परत लाव गं. मधे एका ठिकाणी मी श्वास घ्यायला विसरले, तिथे काय वाजतं ते बघू दे."

परत लावलं. वहीत ती जागा लिहून घेतलीय.